संशोधनाला निघताना 'कोसला' कशी वाचाल?

पेट झाली, मुलाखत झाली, आता पुणं-मुंबई किंवा थेट परदेश गाठायची तयारी चालू असेल, तर संशोधनपद्धतीच्या पुस्तकांसोबत एक कादंबरी जरूर वाचा. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३). नेमाडे आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे. त्यांचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला कॉलेजात जातो, होस्टेलवर राहतो आणि अपयश घेऊन गावी परततो.

या कादंबरीची ओळख बहुतेक वेळा 'बंडखोर तरुणाची कहाणी' अशी करून देतात. मला ती परक्या मुलखातली नोंदवही वाटते. परकी संस्कृती म्हटलं की आपल्याला विमान आणि बर्फ दिसतं. पण जळगाव-धुळ्याच्या पोराला पहिला परका मुलूख पुण्यातच भेटतो. घरी अहिराणी नाहीतर लेवा गणबोली, जेवणात कळण्याची भाकरी आणि भरीत. तिथे गोड आमटी आणि तोंड उघडलं की 'कुठले तुम्ही?' 'कोसला' याचं रडगाणं गात नाही. मेस, मित्र, पैसे, पोकळ समारंभ, सगळं बारकाईनं टिपत जाते.

पांडुरंगाचं सारखं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणणं अनेकांना लकब वाटते. आम्ही प्रयोगशाळेत मोजमापासोबत त्रुटीही लिहितो, मला हे तसलंच वाटतं. जेवढं दिसलं तेवढंच सांगतो, ठाम निष्कर्षाचा आव आणत नाही.

पण या नोंदवहीत दोन मोठ्या जागा कोऱ्या आहेत. एक म्हणजे मुली. बहीण मनीच्या मृत्यूचा भाग वाचून माणूस हादरतो, पण होस्टेलवर राहून शिकणारी मुलगी काय सोसते, ते इथे कळत नाही. दुसरी, नापास होण्याची किंमत. पांडुरंगाचे वडिलांशी पैशांवरून कितीही खटके उडोत, परतायला घर आणि शेती आहे. घरातला पहिलाच पदवीधर असलेल्या, फेलोशिपची वाट बघत उधारीवर मेस चालवणाऱ्या पोराला एवढं मोकळेपणानं हरता येत नाही. म्हणून पांडुरंगाचं 'सगळंच व्यर्थ' हे सूत्र जसंच्या तसं उचलू नका.

नंतर 'हिंदू' (२०१०) हाती घ्या. तिथला खंडेराव पुरातत्त्वाचा संशोधक आहे, पाकिस्तानात मोहेंजोदडोच्या उत्खननावर. वडिलांच्या आजारपणामुळे त्याला मोरगावला यावं लागतं आणि मग तो स्वतःचं गावच थराथरानं उकरत जातो. पांडुरंग टिपतो, खंडेराव टिपलेल्याचा अर्थ शोधतो. हा फरक तुमच्या कामाचा आहे.

नव्या शहरात पहिले सहा महिने वही ठेवा. काय खटकलं ते लिहा, आणि त्याच्या शेजारी 'का खटकलं?' हेही लिहा. दुसरा रकाना भरताना आपलं गावही नव्यानं दिसायला लागतं.