खळी आणि करार

‘स्किपी’ या १९३१ च्या चित्रपटात छोट्या जॅकी कूपरला ढसाढसा रडायचं होतं आणि काही केल्या त्याला रडू येत नव्हतं. दिग्दर्शक नॉर्मन टॉरॉग हा त्याच्या मावशीचाच नवरा. त्यानं पोराला दम भरला, ‘रडत नसशील तर तुझ्या कुत्र्याला गोळी घालतो.’ कुत्र्याला सेटमागे नेलं गेलं, बंदुकीचा बार ऐकू आला आणि हवं तसं रडं कॅमेऱ्यात आलं. कुत्रा अर्थातच सुखरूप होता. टॉरॉगला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. कूपरला नवव्या वर्षी मुख्य अभिनेत्याच्या गटात नामांकन मिळालं. पुढे पन्नास वर्षांनी त्यानं आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’.

जुन्या हॉलिवूडच्या कौटुंबिक चित्रपटांविषयी बोलताना ‘निरागस’ हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. हे चित्रपट आजही धरून ठेवतात यात शंका नाही, पण त्यांचं श्रेय निरागसतेला देणं म्हणजे मुलांच्या कामावर पाणी ओतणं. ती मुलं नोकरीवर होती. तालीम, नृत्य, पाठांतर आणि मधल्या वेळेत स्टुडिओतच शाळा असा त्यांचा दिवस असे. पडद्यावर जे सहज वाटतं, ते कारागिरीतून आलेलं असतं. त्यातली काही कारागिरी मुलांची होती, काही त्यांना रडवणाऱ्या मोठ्यांची.

शर्ली टेंपलचं उदाहरण याबाबतीत सर्वांत बोलकं. १९३४ हे वर्ष तिचं. महामंदीनं अमेरिका गांजलेली, फॉक्स स्टुडिओ डबघाईला आलेला आणि त्याच वर्षी सेन्सॉरची नियमावली कडक झाल्यामुळे घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहता येतील अशा चित्रपटांची स्टुडिओंना निकड लागलेली. अशा वेळी कुरळ्या केसांची, गालावर खळी पडणारी ही सहा वर्षांची मुलगी आली आणि १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षं तिकीटबारीवर तिनं सगळ्या मोठ्या नटनट्यांना मागे टाकलं. ती आणखी लहान भासावी म्हणून स्टुडिओनं तिच्या वयातून एक वर्ष परस्पर वजाही करून टाकलं होतं.

तिच्या चित्रपटांचा साचा ठरलेला. आई नसते, किंवा बाप नसतो, किंवा दोघेही नसतात. कुणी तरी खडूस म्हातारा असतो. मुलगी येते, गाते, नाचते आणि म्हाताऱ्याचं मन विरघळतं. ‘लिटल मिस मार्कर’मध्ये तर बाप घोड्यावर पैसे लावण्यासाठी मुलीलाच तारण ठेवून जातो. कल्पना भयंकर आहे, पण चित्रपट ती चक्क हसत-खेळत सांगतो आणि गंमत म्हणजे ते पटतंही. मोठ्यांनी घातलेले घोळ लेकरानं निस्तरावेत, ही मंदीच्या काळातली प्रेक्षकांची गरज होती. आज मात्र हे चित्रपट सलग पाहिले तर गोडाचा कंटाळा येतो. ‘ब्राइट आइज’मध्ये जेन विदर्सनं रंगवलेली, नाताळात मशीनगन मागणारी आगाऊ श्रीमंत पोरगी शर्लीपेक्षा कितीतरी अधिक जिवंत वाटते.

शर्लीच्या बाबतीत टिकून राहिलं ते नृत्य. ‘द लिटल कर्नल’मध्ये (१९३५) कृष्णवर्णीय नर्तक बिल रॉबिन्सन आणि ती हात धरून जिन्यावर टॅप करत चढतात, तेव्हा दोन कलावंत एकमेकांना तोलत असतात. रॉबिन्सनच्या वाट्याला भूमिका मात्र नोकराची. त्याच वर्षीच्या ‘द लिटलेस्ट रेबेल’मध्ये तर तो गुलाम आहे. या चित्रपटांची ऊब कुणाच्या खर्चानं मिळत होती, हेही त्या जिन्यावर दिसतं.

हिंदुस्थानची वाटही याच साच्यातून काढली गेली. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या कथेवर जॉन फोर्डनं १९३७ मध्ये ‘वी विली विंकी’ काढला. कथेतला मुलगा पडद्यावर मुलगी झाला आणि वायव्य सरहद्दीवरचं बंड शर्लीनं गोड बोलून मिटवलं. बंडखोर खोडा खान झाला होता न्यूयॉर्कचा सीझर रोमेरो. दोनच वर्षांनी ‘द लिटल प्रिन्सेस’मध्ये तोच रामदास बनून आला! डोक्याला फेटा गुंडाळला की सगळा पूर्व देश उभा राहतो, असा हॉलिवूडचा हिशेब होता.

खरी उंची पुढच्या दशकात आली, आणि तीही दिग्दर्शकांनी मुलाला मिरवायचं सोडून त्याच्याकडे नीट पाहायला सुरुवात केली तेव्हा. व्हिन्सेंट मिनेली यांच्या ‘मीट मी इन सेंट लुईस’मध्ये (१९४४) मार्गारेट ओब्रायननं साकारलेली टूटी ही काही गोंडस बाहुली नाही. ती आपल्या बाहुल्यांना जीवघेणे आजार लावते आणि त्यांचे अंत्यविधी करते. हॅलोवीनच्या रात्री सगळी मोठी मुलं कचरत असताना ती एकटी अंधारात चालत जाऊन एका शेजाऱ्याच्या तोंडावर पीठ फेकते. घर सोडून न्यूयॉर्कला जायचं ठरल्यावर नाताळच्या आदल्या रात्री ती अंगणातल्या बर्फाच्या माणसांवर तुटून पडते. रंगीत, गाण्यांनी भरलेल्या, सुखी कुटुंबाच्या या चित्रपटात मधेच लहान मुलीचा एवढा उघडा संताप येतो आणि तो कुठेही मऊ केलेला नाही. मुलांना मरणाचं कुतूहल असतं, त्यांना मोडतोड करावीशी वाटते, हे शर्लीच्या साच्यात मावलंच नसतं.

दुसरा दाखला एलिया कझानच्या पहिल्या कथापटाचा, ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’चा (१९४५). इथे पेगी अॅन गार्नरची फ्रान्सी दारुड्या बापावर जीव टाकते आणि तो सुधारत नाही. बापाचं काम करणारा जेम्स डन हाच ‘ब्राइट आइज’मध्ये शर्लीचा लाडका वैमानिक होता. मधल्या काळात दारूनं त्याची स्वतःची कारकीर्द कोलमडली होती. स्टुडिओही तोच, फक्त फॉक्सचं आता ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स झालं होतं. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर अकरा वर्षांत या प्रकारानं किती पल्ला गाठला ते कळतं. पहिल्यात मूल मोठ्यांना बरं करतं. दुसऱ्यात ते त्यांना ओळखतं.

या सगळ्यात पैशाचा प्रश्न उरतोच. चॅप्लिनच्या ‘द किड’मधून (१९२१) जगाला ठाऊक झालेल्या जॅकी कूगननं बालपणी लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर कळलं, आई आणि सावत्र बापानं ते उडवलेत. १९३८ मध्ये त्यानं दावा लावला आणि सारं आटोपल्यावर हाती आले सव्वा लाखाच्या आसपास. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘कूगन कायदा’ झाला. तो पळवाटांनी भरलेला होता. मुलाची कमाई ही मुलाचीच मालमत्ता, आणि तिचा पंधरा टक्के हिस्सा बाजूला ठेवलाच पाहिजे, ही स्पष्टता यायला २००० साल उजाडलं.

मुलांसाठीचं खास छोटं ऑस्कर शेवटचं मिळालं ते हेली मिल्सला, १९६० च्या ‘पॉलिअॅना’साठी. पुढच्याच वर्षी ‘द पेरेंट ट्रॅप’मध्ये तिनं जुळ्या बहिणी साकारल्या. तीच गोष्ट १९६५ मध्ये तमिळमध्ये आणि १९६८ मध्ये ‘दो कलियाँ’ म्हणून हिंदीत आली. हिंदीतल्या जुळ्या म्हणजे बेबी सोनिया, पुढची नीतू सिंग. साचा इतका पक्का, की तो भाषा ओलांडूनही गळत नाही. इकडे हॉलिवूडचा कौटुंबिक चित्रपट हळूहळू अॅनिमेशनच्या हवाली झाला. तिथे मुलाचा चेहरा लागत नाही, आवाज पुरतो. कुणाला रडवावं लागत नाही हे चांगलंच, पण टूटीसारखी अंगावर येणारी पोरही तिथे विरळाच भेटते.

जुन्या साच्याला सर्वांत झणझणीत उत्तर दिलं पीटर बोग्दानोविचच्या ‘पेपर मून’नं. १९७३ चा हा चित्रपट मुद्दाम कृष्णधवल आणि घडतो शर्लीच्याच मंदीच्या काळात, कॅन्सासमध्ये. टेटम ओनीलची अॅडी आई गमावलेली, म्हणजे अगदी ठरल्यासारखी. पण ती सिगारेट ओढते, विधवांना बायबल विकण्याच्या लबाडीत वाटेकरी होते आणि कुणाचंही मन विरघळवायला जात नाही. तिच्या नावावर मिळालेले दोनशे डॉलर ज्या भामट्यानं खर्चून टाकलेत, त्याच्याकडे ती भर खानावळीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते परत मागते. या भूमिकेसाठी टेटमला दहाव्या वर्षी ऑस्कर मिळालं, आणि तेही मोठ्यांच्याच गटात.