पक्ष कुणालाच नको होते, तरी झाले!

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी आपण इथल्या दोन मोठ्या पक्षांची नावे पाठ केली. पण ज्या राज्यघटनेवरचे प्रश्न घोकले, तिच्यात राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही! याचे नवल वाटणाऱ्यांनी जोसेफ एलिस यांचे ‘फाउंडिंग ब्रदर्स’ जरूर वाचावे. २००० साली आलेल्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

सहा प्रकरणे आणि आठ मुख्य पात्रे. त्यातले एक प्रकरण तर चक्क एका जेवणावर आहे. १७९० साली जेफरसनच्या न्यूयॉर्कमधील घरी हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला बसले. राज्यांचे कर्ज केंद्राने उचलायचे आणि राजधानी पोटोमॅकच्या काठी न्यायची, असा सौदा ठरला. पण हा सलोखा टिकला नाही. लवकरच हॅमिल्टनचे फेडरलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसनचे रिपब्लिकन समोरासमोर उभे राहिले. (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा, तो १८५४ चा.) १७९६ च्या निरोपाच्या संदेशात वॉशिंग्टनने गटबाजीपासून सावध राहायला सांगितले, तेव्हा गट पक्के झालेले होते.

पुस्तकाच्या नावाला मराठीत ‘भाऊबंदकी’ हाच शब्द सुचतो. एलिस ही भाऊबंदकी फार रंगवून सांगतात, पण माझी तक्रारही इथेच आहे. भाऊबंदकी वाड्यात होते. पक्ष मात्र छापखान्यात आणि चावडीवर घडले. व्हरमाँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन याचेच पाहा. १७९८ च्या राजद्रोहाच्या कायद्याखाली, सरकारवर टीका केली म्हणून त्याला चार महिन्यांची कैद झाली आणि मतदारांनी त्याला तुरुंगातूनच पुन्हा निवडून दिले. १८९७ चा टिळकांवरचा खटला आठवणाऱ्या मराठी वाचकाला ही माणसे अधिक जवळची वाटतील. थोरांच्या या गोष्टीत त्यांना जागा फार थोडी मिळते.

तरीही शेवटचे प्रकरण चुकवू नये. १८०१ साली ३६ व्या मतदानानंतर जेफरसन अध्यक्ष झाला. हरलेला ॲडम्स शपथविधीला न थांबता पहाटेच निघून गेला. रुसला खरा, पण खुर्ची सोडून गेला. लोकशाहीत मला याचेच मोल मोठे वाटते. १८१२ मध्ये दोघांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला तो अखेरपर्यंत चालला आणि ४ जुलै १८२६ या एकाच दिवशी दोघेही गेले. आपल्याकडे टिळक-आगरकरांना एवढी सवड मिळाली नाही. आगरकर १८९५ साली चाळिशीच्या आतच गेले.

विरोधक म्हणजे देशद्रोही नव्हे, हे समजायला या थोर मंडळींनाही इतकी वर्षे लागली. आपल्या घरांतही आता आई एका पक्षाची, मुलगा दुसऱ्या पक्षाचा, असे दिसू लागले आहे. अशा घरांनी हे पुस्तक एकत्र वाचावे. मंडळाच्या निवडणुकीआधी वाचले तरी हरकत नाही!