शिकाऊ उमेदवारी : कायद्याच्या मनातला उमेदवार कोण?

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा. चंद्रपूर-गडचिरोलीत बसून तो वाचला, की आम्हाला पहिला प्रश्न पडतो : यातला उमेदवार आहे तरी कोण? 'पुरुष' असं कुठे लिहिलेलं नाही. पण रोज पूर्ण पाळी करणारा, वर्षात कुठलाच हंगाम आड न येणारा माणूस तिथे गृहीत धरलेला दिसतो.

आता आपला मुलूख बघा. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, कागद गिरणी, आयुध निर्माणी, सगळं चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, घुग्घुस या पट्ट्यात. एटापल्ली, भामरागड तिथून लांब. आणि तिकडच्या बाईचं वर्ष आधीच ठरलेलं. मार्च-एप्रिलात मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. ही मिळकत सोडून तिने यायचं, तर हिशेब जुळायला नको? 2019 मध्ये किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना 5,000 ते 9,000 रुपये ठरलं. खोलीभाडं त्यातूनच, जेवणही त्यातूनच. मुलगा चौघांत खोली करून राहतो. मुलीला घरचे तसं पाठवतील का?

खाणीचं आणखी वेगळं. 1952 च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली काम बंद केलं होतं. वरचं कामही सकाळी 6 ते संध्याकाळी 7 एवढंच. ही अट सैल झाली 2019 मध्ये, आणि जमिनीखाली तेव्हाही फक्त तांत्रिक, देखरेखीच्या नि व्यवस्थापकीय कामांपुरती. इतकी वर्षं दार लावून ठेवायचं आणि मग 'मुली अर्जच करत नाहीत' म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा आहेत, पुढे इतर मागासवर्गीयांसाठीही आल्या. स्त्रियांसाठी तसं कलम नाही. आदिवासींची जागा भरली की कागद पूर्ण. ती मुलाने भरली की मुलीने, हे कायदा विचारत नाही.

यावर अर्धवेळ उमेदवारीचा उपाय सुचवला जातो. आम्हाला तो पटतो, पण डोळे झाकून नाही. 2014 च्या दुरुस्तीने कामाचे तास ठरवणं मालकाकडे दिलं. प्रशिक्षणाची ठरलेली मुदत पाळण्याची अट ठेवली. म्हणजे तास कमी आणि मुदत लांब, अशी सोय मालकाने मनावर घेतलं तर बसवता येईल. धोका पुढे आहे. अर्ध्या तासांना अर्धं विद्यावेतन, आणि मुलींच्या वाट्याला फक्त शिवणकाम नि संगणकाचं टंकन, असं झालं तर? तक्रार कुठे करणार? कलम 18 म्हणतं, उमेदवार हा कामगार नव्हे, शिकाऊ आहे. आरोग्य-सुरक्षेसारख्या काही तरतुदी सोडल्या, तर कामगार कायदे त्याला लागू नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : तास बदला, पण ट्रेड तोच ठेवा, प्रमाणपत्र तेच द्या. आधी वसतिगृह, मग भरतीची जाहिरात. आणि किती मुली आल्या हे मोजताना, किती जणींनी मुदत पुरी केली तेही मोजा. एटापल्लीच्या मुलीला वायरमन व्हायचं असेल, तर त्यासाठी तिला घरची रोवणी सोडावी लागू नये.