संपाचे साहित्य आणि वाडीचा हिशेब

मुंबईच्या गिरणी संपावर मराठीत जे काही लिहिले गेले, त्यात गिरणगावाचा आक्रोश आहे. परंतु या गिरण्यांना माणसे पुरविणाऱ्या गावांतली दलित वाडी त्यात जवळजवळ नाही. रत्नागिरीत राहून हे साहित्य वाचताना आणि विद्यार्थ्यांना शिकवताना ही उणीव मला सतत बोचत आली आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विझत गेला. हजारो कामगारांना पुन्हा दारात घेतले गेले नाही, आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. रत्नागिरी हा गिरण्यांना मजूर पुरविणारा जुना जिल्हा. म्हणून गिरणी परळला बंद पडली तरी मनीऑर्डर थांबली ती इथल्या घरांची.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे या विषयावरचे समर्थ नाटक आहे, हे मी आधीच मान्य करतो. चाळीतल्या एका खोलीतले धुरी कुटुंब, लेखक होऊ पाहणारा एक मुलगा, गुंडगिरीत ओढला गेलेला दुसरा, आणि हे सारे पदरात सांभाळू पाहणारी आई. बेकारी माणसाला माणसापासून कशी तोडते हे पवारांनी कसलाही भाबडेपणा न करता दाखविले. माझी तक्रार नाटककाराविरुद्ध नाही. एका खोलीची गोष्ट घेऊन तीच सगळ्या गिरणगावाची गोष्ट म्हणून मिरविणाऱ्या समीक्षेविरुद्ध ती आहे. या समीक्षेच्या लेखी गिरणगाव म्हणजे एक कुटुंब. तेथे घामाने जात धुऊन निघाली होती आणि संप फसल्यावर ते कुटुंब मोडले.

प्रश्न असा की, ते कुटुंब कधी एक होते काय? साचेखात्यात पगार अधिक. पण कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, ही सवर्ण कामगारांची भूमिका. म्हणून साचेखात्याचे दार अस्पृश्यांना बंद. १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. मालकाने केलेल्या अन्यायाची यादी तयार होती. कामगाराने कामगारावर केलेला अन्याय त्या यादीत नव्हता. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला कामगार जात उघडी पडताच सोबत्यांच्याच हातचा मार खातो. कामगार-एकजुटीची गाणी गाणाऱ्या समीक्षकाने ही कथा बाजूला ठेवून गिरणगावाकडे पाहू नये.

संपकाळात कामगारांना सांगितले गेले : गावी जा, तिथे तग धरा. ज्याच्या घरी चार मण भात पिकतो त्याला हा सल्ला आधार होता. पण वाडीतल्या माणसाने कुठे तग धरायचा? बाबासाहेबांनी १९३७ साली खोतीविरुद्ध विधेयक आणले, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. तरी वाडीतल्या बहुतेकांच्या वाट्याला वरकस तुकडा किंवा दुसऱ्याचा बांध एवढेच राहिले. ज्या गावकीला पाठ दाखवून बाप मुंबईला गेला, तिच्याच दारात मुलाला मजुरी मागत परतावे लागणे हे निव्वळ बेकार होणे नव्हे. मुंबईने दिलेली थोडी ताठ मान इथे पुन्हा गहाण पडते. बेकारीलाही जात असते ती अशी.

मग वाडी जगली कशावर? याचे उत्तर संपाच्या साहित्यात मला सापडले नाही. ते उर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३)मध्ये सापडते. हे आत्मकथन संपाविषयी नाही. पण नवऱ्याच्या पश्चात बांबूची आयदाने विणून पोरे जगविणारी आई आणि डोईवर लाकडे, गवत घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीचा बाजार गाठणाऱ्या बाया त्यात आहेत. या कामाला ना हजेरीपट होता, ना बोनस, ना फंड. त्यातून कुणी कमी केले जात नाही, कारण त्या कामावर कुणी कुणाला घेतलेलेच नसते. मनीऑर्डर थांबल्यावर घर पुन्हा याच हातांवर आले. संपाच्या इतिहासात हे हात मोजले पाहिजेत.

इथे आपल्या साहित्यालाही जाब विचारावा लागेल. दलित आत्मकथनांनी शाळा, वसतिगृह, नोकरी आणि चळवळ यांचा प्रवास सांगितला. शिकलेल्याने लिहिले हे स्वाभाविकच आहे. पण अर्ध्यावर शाळा सोडून रिंगखात्यात लागलेला, आयुष्यभर बदलीच राहिलेला भाऊ त्यात किती आला? शहरी नाटककाराने आपल्याला वगळले अशी तक्रार करताना आपणही त्याला वगळले आहे, हे विसरता येणार नाही.

१९८२ साली तिशीत असलेला कामगार आज सत्तरीपार आहे. त्याच्या ट्रंकेत गिरणीचा पास असेल, घरासाठी केलेल्या अर्जाची पावती असेल. विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या वाड्यांत जाऊन त्याला आणि त्याच्या बायकोला विचारावे : कोणत्या खात्यात होता, तिथे तुम्हाला का घातले, परत आल्यावर पहिल्या पावसाळ्यात चूल कशी पेटली? ही उत्तरे गोळा होत नाहीत तोवर संपाचे साहित्य अपुरे आहे असेच मी म्हणेन.