नोंदीतला लेखक : डिजिटल ग्रंथसंग्रहाच्या वर्णनाचा प्रश्न

ग्रंथालयातील नोंद ही संहितेबाहेरची आणि म्हणून समीक्षेच्याही बाहेरची बाब होय, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. डिजिटल संग्रहाचे नियोजन करताना हे गृहीतक टिकत नाही. कपाटातील पुस्तक नोंद चुकली तरी केव्हातरी हाताला लागते. केवळ प्रतिमारूपाने साठविलेली संहिता मात्र नोंदीवाचून वाचकापर्यंत पोहोचतच नाही. मेटाडेटा ही येथे वाचनाची सोय राहत नाही, ती वाचनाची पूर्वअट बनते.

१८४० साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झालेल्या नाशिकात हा प्रश्न एका नावापाशीच उभा राहतो. जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर, दत्तकविधानानंतर विष्णु वामन, कवितेसाठी कुसुमाग्रज. 'विशाखा' (१९४२) कुसुमाग्रजांची, तर 'नटसम्राट' (१९७०) वि. वा. शिरवाडकरांचे. संगणकाच्या लेखी ही वेगवेगळी अक्षरमाला आहे. ती एकत्र न आणल्यास एकाच लेखकाचे वाङ्मय विखुरते. एका नावाखाली सरसकट आणल्यास कवी आणि नाटककार यांत लेखकाने स्वतः राखलेला भेद पुसला जातो. लेखकनाम हे केवळ व्यक्तिवाचक नसून संहितांचे वर्गीकरण करणारे कार्य आहे, हे मिशेल फूकोने १९६९ मध्ये मांडलेले सूत्र येथे तात्त्विक न राहता रकान्याचा प्रश्न होते. व्यक्तीची नोंद एक, नावे अनेक आणि प्रत्येक कृतीपाशी तिच्या मुखपृष्ठावरील नाव, हाच त्यातून निघणारा सयुक्तिक मार्ग होय.

पोथ्यांच्या बाबतीत गुंता वाढतो. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची, एकनाथांचे पाठशुद्धीकरण शके १५०६ चे आणि हाती असलेली प्रत त्याहूनही उत्तरकालीन असू शकते. 'दिनांक' या एकाच रकान्यात यांपैकी कोणता काळ लिहावयाचा? १९९५ च्या डब्लिन (ओहायो) येथील कार्यशाळेतून पुढे आलेल्या डब्लिन कोअरच्या पंधरा घटकांत 'कर्ता' आणि 'सहयोगी' असा भेद आहे. त्यानुसार एकनाथ 'सहयोगी' ठरतील. परंतु त्याच शब्दाखाली एखाद्या आवृत्तीचा चित्रकारही येतो. पाठपरंपरा घडविणाऱ्याला हे स्थान देणे म्हणजे कर्तृत्वाविषयीची एक मुद्रणकालीन कल्पना मध्ययुगीन वाङ्मयावर लादणे होय. रचनाकाल, संस्करणकाल व लेखनकाल स्वतंत्र नोंदविणे, पुष्पिकेतील शक मूळ रूपात ठेवून इसवी सन शेजारी देणे आणि प्रतीचे कृतीशी असलेले नाते 'संबंध' या घटकात सांगणे, एवढे तरी किमान आवश्यक आहे. शकात सर्वत्र ७८ मिळविणेही पुरेसे नाही. वर्षअखेरच्या महिन्यांना ७९ मिळवावे लागतात.

कोणतीही नोंद निःपक्ष नसते, एवढे म्हणून थांबणे सोपे आहे. खरी जबाबदारी त्यानंतरची. शंकर गणेश दाते यांच्या १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथसूचीने १८०० ते १९३७ ही आपली कालमर्यादा शीर्षकातच सांगितली. डिजिटल संग्रहाच्या दस्तऐवजीकरणाकडूनही हीच अपेक्षा आहे : कोणता नियम पाळला, संदिग्ध कर्तृत्व कोणत्या आधाराने ठरविले, नोंद केव्हा बदलली आणि आधीची नोंद काय होती. पाठभेद देणारी चिकित्सक आवृत्ती संपादकाचे निर्णय वाचकासमोर ठेवते, म्हणून ती खोडता येते. निर्णय लपविणारी नोंद मात्र पुढच्या अभ्यासकाला वस्तुस्थिती म्हणूनच स्वीकारावी लागते, आणि तिच्यातील अर्थनिर्णय मग कोणाच्याही समीक्षेवाचून इतिहास ठरतो.