ओळखक्रमांक संपतो तो कुठे?

प्रायमरी कीचा प्रकार मोठा ठेवा म्हणजे झालं, असं डेटाबेस शिकवताना सर्रास सांगितलं जातं. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट म्हणूनच घात करतो.

स्लॅशडॉट हे तंत्रज्ञानाच्या बातम्यांचं जुनं संकेतस्थळ. नोव्हेंबर 2006 मध्ये तिथल्या प्रतिक्रिया 1,67,77,216 च्या पुढे गेल्या आणि प्रतिक्रियेला उत्तर जोडण्याची सोय कोलमडली. हा आकडा म्हणजे दोनाचा चोविसावा घात. मायएसक्यूएलमधल्या मीडियमइंटची मजल, ऋण संख्या वगळूनसुद्धा, त्याच्या एकाने अलीकडे संपते. आता गंमत बघा. प्रतिक्रियांची प्रायमरी की त्यांनी काही वर्षं आधीच 32 बिटांची केली होती! राहून गेलं होतं ते 'ही प्रतिक्रिया कोणाला उत्तर म्हणून आली' याची नोंद ठेवणारं खातं. दुरुस्ती म्हणाल तर ऑल्टर टेबलची एक ओळ. पण दीड कोटीहून जास्त नोंदींचं टेबल नव्याने लिहायचं म्हणजे काही तास जाणारच, आणि तेवढा वेळ लोक खोळंबणार.

कारण हा क्रमांक घरकोंबडा नसतो. तो फॉरेन कीमध्ये जातो, लॉगमध्ये जातो, दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइल अ‍ॅपमध्ये जातो. जून 2009 मध्ये ट्विटरचे क्रमांक 2,14,74,83,647 च्या पलीकडे गेले, तेव्हा अडली ती बाहेरच्यांनी बनवलेली काही अ‍ॅप्स. त्यांनी चिन्हासह 32 बिट धरून ठेवले होते. आडात भरपूर, पोहराच लहान.

मग 64 बिट घ्या की! ट्विटरने 2010 मध्ये तसे क्रमांक आणले, तर जावास्क्रिप्ट आडवी आली. तिच्या नेहमीच्या संख्येत 53 बिटांपलीकडचा पूर्णांक नेमका राहील याची खात्री नाही. शेवटचे अंक गुपचूप बदलतात. एरर येत नाही, काही बंद पडत नाही, फक्त मागितली एक नोंद आणि उघडली भलतीच, असं होऊ शकतं. त्यापेक्षा सरळ बंद पडलेलं परवडलं. शेवटी तोच क्रमांक अक्षरं म्हणूनही पाठवायची सोय करावी लागली.

माझा आक्षेप इथे आहे. डिझाइन तपासताना 'कॉलम किती बिटांचा?' एवढं विचारून आपण मोकळे होतो. हा क्रमांक आणखी कुठे कुठे उतरवून घेतलाय, याची यादी कोणी मागत नाही. डेटाबेसच्या आत तो संख्या म्हणून ठेवा, जागा वाचते, जोडणी वेगाने होते, कबूल. पण ओळखक्रमांकांची बेरीज कोण करतं? मग बाहेर देताना तो संख्या म्हणूनच द्यायचा हट्ट कशासाठी, याचं पटेल असं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.