दीड मिलिमीटरची किंमत

कंपासपेटीतली पट्टी हातात घ्या आणि तिच्यावर दीड मिलिमीटर अंतर पाहा. लागून असलेल्या दोन खुणांमधले अंतर आणि वर आणखी अर्धे, एवढेच ते. या दीड मिलिमीटरसाठी किती किंमत मोजावी, हा प्रश्न सध्या मोबाइल फोनच्या बाजारात उभा आहे.

मे २०२५ मध्ये सॅमसंग कंपनीने 'गॅलक्सी एस-२५ एज' हा फोन आणला. त्याची जाडी ५.८ मिलिमीटर. त्याच मालिकेतला 'एस-२५ प्लस' हा फोन ७.३ मिलिमीटर जाड आहे. दोघांचाही पडदा ६.७ इंची. प्लसच्या बॅटरीची क्षमता ४९०० मिलिअँपिअर-तास, तर एजच्या बॅटरीची ३९००. म्हणजे दीड मिलिमीटर जाडी वाचवताना एक हजार मिलिअँपिअर-तास खर्ची पडले. चारच महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, अॅपल कंपनीने ५.६ मिलिमीटर जाडीचा 'आयफोन एअर' बाजारात आणला. त्याच दिवशी या फोनच्या पाठीला चिकटवायची एक वेगळी बॅटरीही कंपनीने दाखवली. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे फोन एकटा असेल तर २७ तास चित्रफीत दाखवतो आणि पाठीवर ही बॅटरी असेल तर ४० तास. आधी फोन पातळ करायचा आणि मग त्याला जाड करणारी वस्तू वेगळी विकायची, हा प्रकार आम्हाला विचार करण्यासारखा वाटला.

फोन असेच पातळ होत जावेत काय? आमचे उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे सांगायला शालेय विज्ञान आणि गणित पुरेसे आहे.

एकदा झालेला प्रयोग

पहिली गोष्ट अशी की, हा प्रयोग बाजाराने पूर्वी एकदा करून पाहिलेला आहे. २००७ सालचा पहिला आयफोन ११.६ मिलिमीटर जाड होता. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये ही जाडी ७.६ वर आली आणि २०१४ च्या आयफोन ६ मध्ये ६.९ वर. त्यानंतर मात्र आकडा उलट फिरला. २०१९ चा आयफोन ११ हा ८.३ मिलिमीटर जाड निघाला आणि त्याची बॅटरी जास्त टिकते म्हणून लोकांनी त्याचे कौतुकच केले.

सॅमसंगचे उदाहरण तर प्रयोगवहीत लिहून ठेवावे असे आहे. २०१४ चा गॅलक्सी एस-५, २०१५ चा एस-६ आणि २०१६ चा एस-७ या तिन्ही फोनचा पडदा ५.१ इंचीच होता. एस-५ ची जाडी ८.१ मिलिमीटर आणि बॅटरी २८०० मिलिअँपिअर-तासांची. त्याचे मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येई, आणि तरीही तो पाण्यात पडला तर बिघडू नये अशी व्यवस्था त्यात होती. एस-६ ची जाडी ६.८ वर आणली. बॅटरी २५५० वर उतरली आणि झाकण कायमचे बंद झाले. पुढच्याच वर्षी एस-७ मध्ये जाडी पुन्हा ७.९ वर गेली आणि बॅटरी ३००० वर. बंद झालेले झाकण मात्र परत उघडले नाही.

जाडी कमी करणारी कंपनीच एका वर्षात माघारी वळली, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष. आणि जाडी परत आली तरी ग्राहकाच्या हातची दुरुस्ती परत आली नाही, हा त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष.

वजाबाकीचे गणित

बॅटरीत किती ऊर्जा मावते, हे मुख्यतः तिच्या आकारमानावर अवलंबून असते. लांबी-रुंदी पडद्यामुळे ठरलेली असते, तेव्हा राहते ती जाडी. पण फोनची सगळी जाडी बॅटरीला मिळत नाही. समोरची काच, तिच्याखालचा पडदा आणि मागचे कवच यांना आपापली जागा लागतेच. समजा, या सर्वांना मिळून ३ मिलिमीटर लागतात. मग ७.३ मिलिमीटरच्या फोनमध्ये बॅटरीसाठी ४.३ मिलिमीटर उरतील आणि ५.८ च्या फोनमध्ये फक्त २.८. फोनची जाडी सुमारे २० टक्के घटली, पण बॅटरीची जागा सुमारे ३५ टक्के घटली. ठरलेला खर्च वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर कपातीचा घाव जास्त बसतो, हे महिन्याचा हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही समजेल.

प्रत्यक्षात एजची बॅटरी प्लसपेक्षा २० टक्क्यांनीच लहान आहे, ३५ टक्क्यांनी नाही. आमचे गणित ढोबळ आहे हे त्याचे एक कारण. पण दुसरेही कारण उघड दिसते. प्लसच्या पाठीवर तीन कॅमेरे आहेत, एजच्या पाठीवर दोन. दूरची वस्तू जवळ आणणारा तिसरा कॅमेरा काढून टाकलेला आहे. म्हणजे पातळपणाची सगळी किंमत बॅटरीकडून वसूल झाली नाही, तर काही भाग इतरांनी भरला.

नुकसान दोनदा होते

लहान बॅटरीमुळे फोन संध्याकाळी लवकर मान टाकतो, हे सर्वांना दिसते. दुसरे नुकसान सहज लक्षात येत नाही. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य वर्षांइतकेच आवर्तनांतही मोजावे लागते. पूर्ण क्षमतेइतकी वीज वापरून पुन्हा भरली की एक आवर्तन झाले. अर्धी बॅटरी दोनदा वापरली तरी एकच आवर्तन धरतात. दर आवर्तनागणिक बॅटरीची क्षमता थोडीथोडी कमी होत जाते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे की, ८०० आवर्तनांनंतरही फोनच्या बॅटरीत मूळच्या निदान ८० टक्के क्षमता शिल्लक असली पाहिजे.

हा ८०० चा आकडा धरून एक उदाहरण सोडवू. एका शिक्षिकेला दिवसाला ३००० मिलिअँपिअर-तास लागतात असे माना. ४९०० च्या बॅटरीत ८०० आवर्तने पुरी व्हायला सुमारे १३०७ दिवस लागतील. ३९०० च्या बॅटरीत ती १०४० दिवसांतच पुरी होतील. म्हणजे एक बॅटरी साधारण तीन वर्षे सात महिन्यांनी थकेल, तर दुसरी दोन वर्षे दहा महिन्यांनीच. वापर तोच, माणूस तेच, पण पातळ फोनची बॅटरी सुमारे नऊ महिने आधी म्हातारी झाली. उष्णतेचा परिणाम आपण येथे धरलेलाच नाही. बरे, झाकण बंद असल्यामुळे नवी बॅटरी घालणे हे कारागिराचे काम. पूर्वी कोणत्याही दुकानातून बॅटरी आणून घरच्या घरी बदलता येई. आता खर्चाचा आकडा ऐकून पुष्कळ जण फोनच बदलतात आणि एका थकलेल्या भागापायी चांगली काच, चांगला पडदा आणि चांगले मंडल कचऱ्यात जाते.

वाकण्याचा प्रश्न

पट्टी आडवी धरून दाबली तर सहज वाकते, उभी धरून दाबली तर वाकत नाही. हे आपण वर्गात नेहमी दाखवतो. एकजिनसी पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ७.३ वरून ५.८ वर आल्यास जाडी सुमारे ०.७९ पट होते, आणि ०.७९ चा घन होतो सुमारे ०.५. जाडी पाचव्या हिश्शाने कमी झाली की ताठपणा निम्मा होतो. फोन ही एकजिनसी पट्टी नव्हे, तरी दिशा हीच. २०१४ मध्ये आयफोन ६ प्लस खिशात वाकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तक्रारी मोजक्याच आहेत असे कंपनीने तेव्हा सांगितले, पण पुढच्या वर्षीच्या फोनला तिने अधिक मजबूत अॅल्युमिनियम मिश्रधातू वापरला. आयफोन एअरची चौकट टायटॅनियमची आहे. पातळपणामुळे गेलेली ताकद महाग धातूने भरून काढावी लागते.

दुसरी बाजू

एवढे म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. एज हा फोन १६३ ग्रॅम वजनाचा, तर प्लस १९० ग्रॅमचा. ज्यांची बोटे किंवा मनगटे दुखतात त्यांना २७ ग्रॅमचा फरक जाणवेल, त्याची थट्टा करू नये. घडी घालण्याच्या फोनमध्ये तर पातळपणाला खरा अर्थ आहे, कारण घडी घातल्यावर जाडी दुप्पट होते. २०२५ चा गॅलक्सी झेड फोल्ड-७ उघडल्यावर ४.२ मिलिमीटर असतो, म्हणूनच मिटल्यावर ८.९ मिलिमीटरमध्ये बसतो. मोठ्या बॅटरीला लिथियमसारखी द्रव्येही जास्त लागतात, हा आक्षेपही खरा आहे. पण तीच बॅटरी जास्त काळ चालली, तर दर वर्षी लागणाऱ्या द्रव्यांचा हिशेब फारसा वाढत नाही.

सर्वांत वजनदार युक्तिवाद नव्या रसायनशास्त्राचा आहे. बॅटरीच्या ऋण विद्युत अग्रासाठी आजवर ग्राफाइट वापरत आले. एक ग्रॅम ग्राफाइटची क्षमता सैद्धान्तिकदृष्ट्या ३७२ मिलिअँपिअर-तास असते, तर सिलिकॉनची साडेतीन हजारांच्या वर. अडचण अशी की, लिथियम शोषून घेतल्यावर सिलिकॉन तीन-चार पट फुगते आणि पुन्हा पुन्हा फुगून त्याचा भुगा होतो. म्हणून ते कार्बनबरोबर मिसळून वापरतात. २०२३ पासून अशा बॅटऱ्या चिनी कंपन्यांच्या फोनमध्ये येऊ लागल्या. तेव्हा पातळ फोनचे समर्थक म्हणतात, 'थोडे थांबा, तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा मावेल.'

हे म्हणणे आम्हाला मान्य आहे, पण त्यातून त्यांचा निष्कर्ष निघत नाही. जास्त ऊर्जा मावू लागली तर ती जागा कमी करण्यासाठी वापरायची की दिवस वाढवण्यासाठी, हा निर्णय रसायनशास्त्र घेत नाही. तो माणसे घेतात. जानेवारी २०२५ मध्ये भारतात आलेल्या वनप्लस १३ या फोनने हीच नवी बॅटरी वापरून सुमारे साडेआठ मिलिमीटर जाडीत ६००० मिलिअँपिअर-तास बसवले. तोच शोध, पण वापर वेगळा.

कोणासाठी पातळ?

फोनची जाडी दुकानात बोटांना कळते, जाहिरातीत एका आकड्यात सांगता येते. बॅटरीचे म्हातारपण मात्र तिसऱ्या वर्षी कळते आणि तेव्हा दुकानदार समोर नसतो. पातळपणाच्या शर्यतीचे मूळ आम्हाला येथे दिसते. विकत घेण्याच्या क्षणी जे दिसते ते सुधारायचे आणि वापरताना जे भोगावे लागते ते मागे ठेवायचे, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे हा व्यवहार जास्त बोचतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कित्येक घरांत एकच फोन होता. तो वडिलांबरोबर कामावर जाई आणि संध्याकाळी परत येई. तेव्हा त्यात किती वीज उरली आहे, यावर मुलाचा त्या दिवसाचा अभ्यास ठरत असे. त्या दिवसांत कोणाही मुलाने 'फोन किती मिलिमीटरचा?' असे विचारले नसेल. आजही पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड उघडायचा, पालकांना निरोप द्यायचा, दुकानात पैसे द्यायचे आणि पावसाळ्यात रात्री वीज गेली की उजेड करायचा, तो याच फोनने. असे स्वस्तातले फोन आज जाडच असतात, हे खरे. पण महागड्या फोनची चाल काही वर्षांनी स्वस्त फोनमध्ये उतरते. झाकण बंद होण्याची चाल अशीच उतरली.

म्हणून वर्गात एक छोटा उपक्रम करून पाहावा असे आम्ही सुचवतो. प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर घ्या आणि घरातल्या दोन-तीन फोनची जाडी मोजा. आधी मधल्या भागात मोजा, मग कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर. जाहिरातीतला आकडा यांपैकी कोणता, ते विद्यार्थ्यांनाच ओळखू द्या. मग प्रत्येक फोनच्या बॅटरीची क्षमता, खरेदीचे वर्ष आणि आज तो किती तास चालतो यांचा तक्ता करा. शेवटी फोनवर घातलेले कव्हर काढून त्याचीही जाडी मोजा.

बहुतेक कव्हरे एक-दोन मिलिमीटरची भरतील. कारखान्यात एवढ्या खटाटोपाने वाचवलेली जाडी, फोन फुटेल या भीतीने, आपण पहिल्याच दिवशी परत चढवलेली असते. तीच जाडी कारखान्यात बॅटरीला मिळाली असती, तर काय बिघडले असते? हा प्रश्न विद्यार्थ्यांनी पुढचा फोन घेताना दुकानदाराला विचारावा. पुरेशा लोकांनी विचारला तर तो कारखान्यापर्यंत पोचतो. एस-७ च्या वेळी तो पोचला होता.